इंजिन बंद झालं की भाकरी

अण्णा,

तुमचं इंजिन, घरामागच्या कारखान्याच्या सायडिंगच्या रुळांवरचं, कापलं. गॅसकटर लावून तुकडे केले, ट्रकमध्ये भरले आणि भंगारात नेले. मी बघायला गेलो नाही, चाचा गेले होते. तुम्ही होता तेव्हा ते तुमचे पॉइंट्समन होते, डबे जोडायचे-सोडायचे, तुम्हाला खालून हातानं खुणा करायचे. आता ते स्वतः इंजिन चालवतात आणि त्यांचीही दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी फोन करून सांगितलं, "आन्नाचा इंजिन गेला, बाबा. आखरीपर्यंत वाकला न्हाई. कटरवाल्याला लई घाम फोडला." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग दुपारभर कामात लक्ष लागेना. लोखंडासाठी एवढं काय, असं स्वतःला दोनदा बजावलं, पण उपयोग झाला नाही.

त्याच्या जागी नवं आलंय. त्याच्या अर्ध्या पोटात बॅटऱ्या आहेत आणि अर्ध्या पोटात एक लहानसं डिझेल इंजिन. एरवी बॅटरीवर चालतं. बॅटरी उतरली की ते लहान इंजिन आपोआप सुरू होतं, तिला भरतं आणि आपोआप बंद होतं. हायब्रिड म्हणतात ह्याला. तुम्ही धूर काढत, आपल्या घराच्या मागच्या भिंती हलवत जेवढे डबे ओढायचा, तेवढेच हे सायकलच्या आवाजात ओढतं. चालवणारा केबिनमध्ये बसतसुद्धा नाही. चाचांच्या कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला रिमोटची पेटी, आणि ते रुळांच्या कडेनं चालत निघाले की इंजिन त्यांच्यामागून म्हशीसारखं निमूट येतं. आवाज नाही म्हणून कुणी चाकाखाली येऊ नये, यासाठी त्याला चालताना वाजणारी एक घंटी बसवली आहे, अगदी कुल्फीवाल्याची. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसं झालंय. कारखान्यातले साहेब लोक दुसरं काही बोलतच नाहीत. तुम्हाला हे अजिबात आवडलं नसतं असं मी लिहिणार होतो. पण खरं बोलायचं तर आवडलं असतं. मे महिन्यात तुम्ही जुन्या इंजिनाच्या केबिनमध्ये डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचा, आणि तुमचे कान तर त्याच इंजिनानं खाल्ले.

माझा धंदा तुम्हाला शेवटपर्यंत नीटसा पटला नाही. चिंचोळी एमआयडीसीतला तोच गाळा अजून आहे. तेव्हा मी लाकूड आणि पत्र्याच्या प्रतिकृती करायचो, आता प्रिंटरवर प्लास्टिकचे भाग काढतो, पण घासणं, जोडणं आणि रंगवणं हातानंच. "खेळन्यावर पोट भरतंय व्हय?" असं तुम्ही विचारलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणाकडून तरी एक स्टीलची पट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली होतीत. त्याआधीचंही एक आठवतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, स्वयंपाकघरात काड्यापेट्यांचे डबे करून एकमेकांवर धाडधाड आपटतोय, आणि तुम्ही जेवता जेवता ताट बाजूला सारता. माझा हात धरून एक काडीपेटी दुसरीला इतक्या हळू नेऊन लावता की कळतसुद्धा नाही. "आरं, डबा धडकवायचा नसतो. टेकवायचा आसतो. आत माल हाय, भाईर मानूस हाय." तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं होतं. आज मी डब्याच्या टोकाच्या रबरी बफरला डिंक लावतानाही हात तसाच हळू नेतो.

तर सांगायचं म्हणजे, ह्या नव्या इंजिनाची प्रतिकृती करायचं काम कारखान्यानं मलाच दिलं. ऑफिसच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायची आहे. मापं घ्यायला मी सायडिंगवर जात होतो. साहेब म्हणाले, "लाइट लावा, चाकं फिरू द्या, पण आवाज टाकू नका. आवाज नाही हेच तर आम्हाला दाखवायचंय." मला हसू आलं. कारण त्याच दिवसांत आमच्या घरात त्याच न येणाऱ्या आवाजानं घोळ घातला होता.

आईचं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी तुमचं इंजिन शेडमध्ये जायचं, थोडा वेळ धडधडायचं, मग एक शेवटचा हिसका देऊन बंद पडायचं, आणि इकडे आई तवा ठेवायची. इंजिन बंद झालं की भाकरी. पिठाची परात समोर घेऊन ती त्या हिसक्याची वाट बघायची. तुम्ही गेल्यावर इंजिन दुसऱ्यांनी चालवलं, पण आवाज तोच होता, म्हणून आईचंही तेच चालू राहिलं आणि आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. नवं इंजिन आलं तेव्हा माझी बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, घरात आई आणि मी. मला गाळ्यावरून यायला उशीर व्हायचा. आई दिवेलागणीला साखरेच्या आजाराची गोळी घ्यायची, पीठ मळायची आणि बसून राहायची. इंजिन बंदच होत नव्हतं, कारण ते सुरूच झालेलं नसायचं. आणि कधी दुपारी चार वाजताच बॅटरी उतरायची, ते लहान इंजिन भुरभुरायचं, थांबायचं, आणि आई उठून तवा ठेवायची. मी घरी यायचो तर भाकऱ्या थंडगार, आणि आई म्हणायची, "आज लौकर सुटली वाटतं समदी."

मी समजलो, आईचं आता वय बोलायला लागलं. समजावून सांगितलं, घड्याळ दाखवलं, गजर लावून दिला. ऐकावे जनाचे करावे मनाचे. तिनं गजराचं घड्याळ उशीखाली दडपलं. आणि मग एका संध्याकाळी मी आलो तर ती चुलीच्या ओट्याला टेकून खाली बसलेली, लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरतायत, परातीतलं पीठ वरून वाळून तडकलेलं. गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. मी मूठभर साखर तिच्या तोंडात घातली. जरा शुद्धीवर आली तसा मी ओरडलोच. "अगं, जेवायला काय झालं होतं?" तर म्हणते, "थांब की. इंजिन बंद व्हायचंय आजून." डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झालेला असेल. त्या रात्री मला झोप नाही. तुम्ही पाहिजे होता, अण्णा. तुम्ही फक्त दारात येऊन उभे राहिला असता तरी ती जेवली असती.

मग मी मला जे येतं ते केलं. कारखान्याच्या प्रतिकृतीबरोबर एक छोटी, वीतभर प्रत घरासाठी केली आणि तिच्या पोटात स्पीकर बसवला. तुमच्या इंजिनाचा आवाज चाचांच्या मोबाइलमध्ये सापडला, शेवटच्या दिवशी काढलेला, तो शेवटचा हिसकासुद्धा. तो नीट करून घेतला. बॅटरीच्या इंजिनात जुन्या डिझेलचा आवाज, म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं शुद्ध गाढवपणा. करता करता वाटलं, इंजिनाचा मिळाला, तर तुमचाही आवाज कुठं असेल. सगळीकडे शोधलं. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही मांडवात उभे आहात, कुणाला तरी काही सांगताय, ओठ हलतायत, पण स्टुडिओवाल्यानं वरून सनई चढवली आहे. ती दोन-चार वाक्यं मी किती वेळा बघितली. तुम्ही एरवी बोललेले शब्द मला पाठ आहेत, पण आवाज आठवत नाही. कसा होता? जाड होता एवढंच आठवतं, बाकी सनईच ऐकू येते.

संध्याकाळी ते छोटं इंजिन मी मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं आणि वाजवलं. आवाज इतका हुबेहूब की माझ्याच अंगावर काटा आला. आई परातीसमोर होती. तिनं ऐकून घेतलं, हात झटकले, खिडकीशी आली, इंजिन उचलून उलटसुलट बघितलं.

"झ्याक केलंस," ती म्हणाली. "आन ह्यातनं उतरलं कोन?"

ती खाली बसली आणि म्हणाली, "मला खुळी समजतूस व्हय? ते गेलेत, म्हाईत हाय की मला. मी त्यांची वाट न्हाय बघत."

"मग कुणाची बघतेस?"

"तू शाळंत हुतास. ह्यांचा आदीचा पॉइंट्समन दोन डब्यांच्या मदी सापडला. त्या दिशी सांजच्याला इंजिन बंदच झालं न्हाय. तसंच धडधडत हुबं. बंद कराया मानूस नगं? मी परात घिऊन बसलेली. हे आले तवा सदऱ्यावर त्याचं रगात. तवाधरनं इंजिन बंद झाल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय. बंद झालं म्हंजे समदी धड उतरली. मग त्यात तुझा बाप आसू दे, न्हायतर आनी कोन."

हे मला माहीत नव्हतं. तो माणूस गेल्याचं माहीत होतं, सदऱ्याचं नव्हतं. मी आयुष्यभर समजत आलो की तुम्हाला गरम भाकरी मिळावी म्हणून ती तवा अडवून बसायची. बायकोलाही मी कौतुकानं तसंच सांगितलं होतं. तुम्ही गेल्यावर तर आम्ही तिच्या आठवणींचं कौतुक करत बसलो, आणि ती बापडी रोज संध्याकाळी परक्यांच्या हातापायांची काळजी करत होती. तुम्हाला हे ठाऊक होतं का? असणारच. म्हणूनच शेडमध्ये इंजिन लावल्यावर तुम्ही गप्पा मारत थांबत नसाल, आधी ते बंद करत असाल.

दुसऱ्या दिवशी सायडिंगवर जाऊन मी चाचांना सांगितलं. संध्याकाळी ते लहान इंजिन जरा चालवून बंद करता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. चाचांनी रिमोटच्या पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "डिझेल कायको जाळायचं. मेरेकू जबान दी है ना अल्लानं." त्या संध्याकाळी इंजिन शेडमध्ये लावून ते आपल्या मागच्या भिंतीशी आले आणि पलीकडूनच हाक मारली, "वैनी, उतरलो हौ. समदे धड हैत."

आई दचकली. मग जागेवरूनच ओरडली, "तुमच्या गुडघ्याचं काय?"

"त्यो आधीच गेलाय, त्याला धरू नका."

"बरं, जावा आता. घरी वाट बघत्यात." आणि अण्णा, तिनं तवा ठेवला. मी दारात उभा होतो. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून मला आत जाववेना. तेव्हापासून हे रोज चाललंय. चाचांची बेगम म्हणते, ह्या वयात दुसऱ्याच्या बायकोला हाका मारता, शोभतं का. आईची साखर जागेवर आहे. आणि ते वीतभर इंजिन तिनं शेजारच्या पोराला खेळायला देऊन टाकलं.

आता गाळ्यात बसून हे लिहितोय. मोठ्या प्रतिकृतीवर शेवटचा रंगाचा हात दिलाय, तो वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. हे कागद मी घरी नेणार नाही आणि कुठं टाकणारही नाही. पण एक सांगायचं राहिलं.

गुरुवारी चाचांची सुट्टी असते. त्या दिवशी ठेकेदाराचा माणूस इंजिन लावतो आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातो. म्हणून गुरुवारी मी गाळा लवकर बंद करतो, सायडिंगवर जाऊन सगळे उतरले ना ते डोळ्यांनी बघतो आणि मग भिंतीपलीकडून मीच हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा आतून तव्याचा आवाज आला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग आई म्हणाली, "परत बोल."

मी परत म्हणालो, "सगळे उतरले. धड आहेत."

"भिंतीआडनं आगदी ह्यांचा आवाज येतोय की रं," ती म्हणाली.

आपलाच आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येणार? तरी गुरुवारी मी जरा जास्तच मोठ्यानं ओरडतो. कधी कधी तिला ऐकू गेलंय हे माहीत असूनही दोनदा ओरडतो आणि दुसऱ्यांदा कान देऊन ऐकतो. गेल्या सोमवारी चाचा खोकत होते. डॉक्टरकडे जा, दोन दिवस घरी पडा, हाक मी मारीन, असं मी त्यांना फार आपुलकीनं सांगितलं, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या खोकल्याची काळजी मला तेवढी नव्हती, अण्णा.