ओठ तिचे, आवाज माझा

बाई, परवा सभागृहात तुमचा फोटो ठेवला होता, हार घालून, आणि मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तुमची जन्मशताब्दी. जुन्या शिष्या कुठून कुठून आल्या होत्या, कुणी पाया पडत होत्या, कुणी डोळे पुसत होत्या. मी तुमची फजिती करायला आले होते.

मी हल्ली काय करते ते ऐकलंत तर हसाल. लोकांचे कार्यक्रम घरबसल्या फोनवर दिसावेत म्हणून मी कॅमेरा लावून लाइव्ह दाखवते. लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या भजनी मंडळासाठी शिकले, आणि आता मुलुंडमध्ये कुणाचं बारसं असो की साठी, 'काकूंना बोलवा' होतं. यातली खरी मेख एकच. माइकचा आवाज वायरीतून तडक येतो, चित्र मात्र कॅमेऱ्यातून रेंगाळत येतं. म्हणून आवाजाला जरा थांबवून धरावं लागतं, नाहीतर माणसानं तोंड उघडायच्या आधीच त्याचे शब्द ऐकू येतात. कार्यक्रमाआधी मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवते. तळवे भिडताना दिसले आणि त्याच क्षणी आवाज आला, की जुळलं म्हणायचं. हे मला चांगलं येतं. का येतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही पोळ्या लाटताय, आम्ही मुली भिंतीशी ओळीनं बसून गातोय, आणि कुणाची लय सुटली की लाटणं पोळपाटावर आपटतंय. माझ्यावर तुमचा विशेष डोळा. "कॉन्व्हेंटची जीभ ही! 'ळ' म्हण बघू. अगं, टाळूला लाव जीभ, तुझ्या सिस्टर नाही रागावणार!" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे, कारण गाणं मनासारखं झालं की तव्यावरची पहिली पोळी तूप-गूळ लावून तुम्ही माझ्याच हातात ठेवायचात. तशी पोळी मला आजवर जमलेली नाही. त्या पोळीसाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

केबलवाल्यांच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तुम्ही स्वतः चाल बांधलीत आणि गायला मला निवडलंत. गाणं आधी भांडुपच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड झालं. आत जाताना तुम्ही ज्येष्ठमधाची कांडी पदराला पुसून माझ्या तोंडात घातलीत, आईनं घालावी तशी. मग चित्रीकरणाचा दिवस आला. मी आईची नारायणपेठी नेसून येते. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघता आणि सगळ्यांसमोर विचारता, "तू कशाला नटलीस गं?" मला काही कळत नाही. "तुझे दात पुढे आहेत. कॅमेऱ्याला आधी तेच दिसतील. कॅसेट लावू, ओठ माझी भाची हलवेल. तू गायलीस तेवढं पुरे."

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण तुमच्या भाचीला श्वास कुठे घ्यायचा ते कळेना. कॅसेटमधली मी थांबायचे आणि तिचं तोंड उघडंच. तेव्हा तुम्ही मला खूण केलीत. "ए, तू खाली बस, कॅमेऱ्याच्या पायाशी. तोंड हलव नुसतं. ती तुझ्याकडे बघून करेल." आणि मी बसले, बाई. रेशमी साडी सावरून फरशीवर बसले आणि माझा आवाज दुसरीच्या तोंडात नीट बसावा म्हणून पूर्ण गाणं मुक्यानं गायले. दिवाळीत ते घरोघर दिसलं. आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुमच्या क्लासमधली ती गोरी मुलगी काय गाते गं!" त्यानंतर मी तुमचा जिना चढले नाही. घरीही गायले नाही. तुम्ही बोलावणं पाठवलं नाहीत.

तर शताब्दीच्या आधी तुमच्या भाचीचा फोन आला. क्लास आता तीच चालवते. "अगं, आत्याच्या त्या दिवाळीच्या गाण्याची टेप कॉम्प्युटरवर घेतलीय. पण ओठ एकीकडे, आवाज एकीकडे. तुला येतं ना? जुळव ना प्लीज, तेच मधोमध लावायचंय." म्हणजे तेच काम पुन्हा, आणि पुन्हा मीच. मी बरं म्हटलं; कार्यक्रम लाइव्ह दाखवायलाही मीच बसणार होते. घरी जुळवूनही पाहिलं. 'म'वर तिचे ओठ मिटतात तिथे माझा 'म' नेऊन ठेवला, की झालं. इतकं सुरेख जुळलं की मला ते बघवेना. मग मी आवाज मागे ढकलला. अर्धा सेकंद. तिचे ओठ मिटल्यावर गाणं यावं, इतका. म्हटलं, बघू दे सगळ्या जगाला की हा आवाज या तोंडाचा नाही.

जग काय बघतं, बाई! गाणं सुरू झालं तशा माझ्या स्क्रीनवर लोकांच्या ओळी यायला लागल्या. 'आवाज मागे पडतोय.' 'साऊंडची पार वाट लागलीय, कोण बसलंय तिथे?' 'काकूंना रिटायर करा आता.' आणि अमेरिकेतून तुमची एक शिष्या लिहिते, 'किती गोड गायची ना ही!' ही म्हणजे कोण, तर ओठ हलवणारी. सूड घ्यायला निघाले आणि नाव गेलं ते माझंच.

तेव्हा मी चित्रच बंद केलं. पडदा काळा, नुसता आवाज. सभागृहात चुळबुळ झाली, तुमची भाची माझ्या टेबलापाशी धावत आली. "काय झालं गं? गेलं का?"

"गेलं नाही. मी घालवलं."

ती माझ्या स्क्रीनवर वाकली. मग हळूच म्हणाली, "आधी आवाज सरकवलास तोही तूच ना?"

"हो."

मला वाटलं, ओरडेल. ती सरळ स्टेजवर गेली आणि माइक हातात घेतला. "हे मी गायलेलं नाही," ती म्हणाली. "आत्या म्हणाली ओठ हलव, मी हलवले. गाणारी ती तिकडे मागे लॅपटॉपवर बसलीय. मला तेव्हाही लाज वाटली होती, पण आत्यापुढे बोलणार कोण!" सगळी सभा मागे वळली. आणि माझा हात, बाई, आपोआप तोंडावर गेला. दात झाकायला. या वयात. हे तुम्ही मला दिलंत, पोळीइतकंच स्वतःच्या हातानं. मी वळून पाहिलं, तर फोटोतल्या तुम्ही तशाच समाधानी बघत होतात. शिष्या टाळ्या वाजवत होत्या आणि मला एवढंच वाटत होतं की तुम्ही जिवंत असायला हव्या होतात, पहिल्या रांगेत, मान खाली घालून.

मग तुमच्या भाचीच्या सांगण्यावरून मी ते गाणं चित्राशिवाय इंटरनेटवर टाकलं. गायिका म्हणून माझं नाव घातलं. चाल कुणाची, ती जागा रिकामी ठेवली. लोक खाली विचारतात, इतकी सुंदर चाल बांधली कुणी? मी उत्तर देत नाही, देणारही नाही. हे पत्रसुद्धा कुठे जाणार नाही. पण खरं सांगते, सकाळी चहाआधी ते पान उघडून बघते, चाल तुमची आहे हे कुणी ओळखलं का.