पळसाजवळची पात

जेल, चंद्रपूर
ता. १४ ऑक्टोबर १९८३

ति. गुणवंतभाऊस,
धाकटी बहीण वच्छला हिचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सीता आरमोरीला तुझ्याकडे रमली, शाळेत जाते, हे वाचून दोन घास जास्त गेले. वहिनीला त्रास देते का? अकरा वर्षांची घोडी झाली, आता तिला कामाला हात लावू दे.

वकील म्हणतो, त्या दिवशी मी कुठे होते ते कोर्टाला पटलं तर सुटेन, नाही तर जन्मठेप. भाऊ, किती वेळा सांगू? शेजारच्या अंजनाबाईला दुपारी तीनला माझा नवरा हरिदास घरात पडलेला दिसला. त्याच्यावर कुऱ्हाड कोणी चालवली, मला ठाऊक नाही. मी दिवस बुडेपर्यंत मुखरूच्या बांधीत धान रोवत होते. पळसाजवळची पात माझी, एकटीनं शेवटापर्यंत नेली. बाबांनी शिकवलेली चार बोटांची लावण तू ओळखतोस. विश्वास नसेल तर चामोर्शीची एसटी धर आणि डोळ्यांनी बघ. इथले साहेब पत्र वाचूनच पेटीत टाकतात, तेव्हा खोटं कशाला लिहीन?

वहिनीला जयभीम, सीतेला मुका. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
वच्छला


आरमोरी
ता. ६ नोव्हेंबर १९८३

चि. वच्छलास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

सीता खुशाल आहे. लहानपणी नाल्यावर वाघ पाहिला म्हणालीस आणि गाव दोन दिवस डफ बडवत बसलं. वाघ तू स्वप्नातही पाहिला नव्हतास. पाठीवरचे वळ मला दाखवलेस, आणि हरिदासनं कधी बोट लावलं नाही असं ठाण्यातल्या जमादाराला सांगितलंस. तेही मी पोटात घातलं. या वेळी तुझा शब्द धरला, कारण माणूस खोटं बोलेल, शेत कशाला बोलेल?

परवा जमादाराला सोबत घेऊन मुखरूच्या बांधीवर गेलो. मोठ्या तोऱ्यात गेलो, मास्तर ना मी! तुझ्यासोबतच्या बायांनी आधीच सांगितलं होतं, का आमी वाकून होतो, कोन कवा उठलं पाह्यलं नाई. म्हणून म्हटलं, शेतच दाखवू.

वच्छला, सगळी बांधी पिकून पिवळी झाली आहे. पळसाजवळची पात निम्म्यापर्यंत पिवळी आणि पुढे हिरवीगार. लोंबीत अजून दूध आहे. जमादार शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला काही सांगावं लागलं नाही. मुखरूनं मान खाली घालून कबूल केलं, का बाई दुपारी उठून गेली ते आलीच नाई, उरलेली पऱ्ह्याची रोपं मीनं पंधरा दिवसांनी लावली. पंचनामा झाला. त्यावर पहिली सही माझी आहे.

एकटा गेलो असतो तर? हे डोक्यातून जात नाही. आता तरी खरं लिही.

तुझा
गुणवंत


चंद्रपूर
ता. १५ नोव्हेंबर १९८३

ति. भाऊस,
वच्छलाचा जयभीम.

हे पत्र साहेबांच्या हातून जात नाही. बुधरी नावाची बाई सुटून तुझ्याच गावावरून पुढे जाणार आहे, तिच्याजवळ देते.

बघ म्हटलं तर पोलीस घेऊन गेलास! बाबा म्हणायचे तेच खरं, गुणवंताला बैल आण म्हटलं तर तो दावंही धुऊन आणतो. तुझा राग आला, दोन दिवस जेवले नाही.

आता खरं ऐक. त्या दिवशी सीता शाळेत गेली नव्हती. ती बांधीवर आली, पळसाआडून मला खूण केली. म्हणाली, बाबूजी उठत नाई. तो तिला मारायला धावला आणि तिनं हाताशी आलं ते उचललं. मी घरी जाऊन कुऱ्हाड धुतली, तिला शाळेच्या वाटेला लावलं, एवढाच माझा गुन्हा. तिला कोर्टात उभी कर, भाऊ. लहान आहे, तिला फाशी देणार नाहीत. मी सुटले की आम्ही मायलेकी तुझ्या दारी राहू.

मी आई आहे. तिच्यावर खोटं घालेन का?

तुझी
वच्छला


आरमोरी
ता. २७ नोव्हेंबर १९८३

चि. वच्छलास,
आशीर्वाद.

हे पत्र भेटीच्या दिवशी तुझ्या हातात देईन. वाचून लगेच परत कर. तुझं मी चुलीत घातलं, तुझ्या वहिनीलाही दाखवलं नाही.

सीता तांदूळ निवडत होती. त्या दिवशी तू कुठी होतीस, एवढंच तिला विचारलं. ती बराच वेळ खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, मामा, आईनं काय लिवलं हाय? तसंच सांगीन मी. मंग आई येईल ना घरी?

वीस वर्षं पोरं शिकवतो आहे, खोटं बोलणारं पोर मला तोंडावरून कळतं. हिचं कळलं नाही. घाबरलेलं पोर की तुझंच पोर, मला सांगता येत नाही. चामोर्शीच्या शाळेत त्या दिवसाची हजेरी असेल, पाहिली तर उलगडेल. पण मी जाणार नाही. एकदा शेत पाहायला गेलो, तेवढं पुरे झालं.

वकिलाला कळवलं आहे, आमच्याकडे साक्षीदार नाही. सीता कोर्टाची पायरी चढणार नाही. तू केलं असशील तर तुझं तू भोग. तू केलं नसशील तरी भोग, वच्छला. मोठा भाऊ असून तुझ्या पाया पडतो.

थंडी पडली आहे. वहिनीनं तुझ्यासाठी वाकळ शिवली, काठ सीतेनं घातला. सोबत आणतो. माया राहू दे असं तू लिहितेस, ती आहेच, तिला मी तरी काय करू?

तुझा भाऊ
गुणवंत