कप्तानास तमिळ ऐकू येत नाही

१४ एप्रिल, सकाळ
पेपरात बातमी. कुठल्याशा महासागरात एक जोडपं दोन लहान लेकरांसकट शिडाच्या बोटीतून जग बघायला निघालं. धाकटं तापानं फणफणलं, सुकाणू मोडलं. शेवटी नौसैनिक पॅराशूटनं उतरले, युद्धनौका आली. सगळे वाचले, बोट बुडाली. लोक आईबापांना शिव्या घालताहेत.
माझ्या मते त्यांची चूक एकच. लेकरांना समुद्राची एकही कविता पाठ नव्हती.

त्याच दिवशी, दुपार
चेन्नईहून मुलाचा, वरुणचा फोन. कार्तिक आणि कीर्तनाला महिनाभर आमच्याकडे पाठवतोय. म्हणाला, पण अप्पा, काही उद्योग करायचा नाही. केलात तर दोघं दुसऱ्या दिवशी समर कॅम्पला. कबूल म्हटलं.
संकल्प: एका महिन्यात नातवंडांना मराठी आणि समुद्र, दोन्ही द्यायचे. दोघांना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये. कार्तिक पाच वर्षांचा झाला, अजून एक पूर्ण मराठी वाक्य तोंडातून नाही. तीनशे वर्षं आपण मराठी माणसं या तंजावूरात कशासाठी टिकलो?

१७ एप्रिल
गलबत आलं. ऑनलाइन. रबरी आहे, पण निळं. तोंडानं फुगवलं. संध्याकाळपर्यंत चक्कर. वेंकूबाई म्हणाली, अहो, सायकलचा पंप आहे की घरात. माहीत आहे. पण गलबतात कप्तानाचा श्वास असावा.
पुढे म्हणाली, जन्मभर पोस्टात शिक्के मारले, आता दर्यावर स्वारी? कोडिक्करैला अमावास्येस समुद्रस्नान म्हणून तांब्यानं अंगावर घेता तुम्ही, काठावर बसून.
थोर माणसांच्या बायका अशाच असतात.

२१ एप्रिल
मुलं आली. मोट्टमाडीवर, म्हणजे गच्चीवर, ड्रिल. दोघांना भगवी लाइफ जॅकेटं. नियम सांगितले. पाणी घोट्याखाली गेलं की खाली उतरून किनारा धरायचा, हुकमाची वाट बघायची नाही. कप्तान मात्र शेवटपर्यंत बोटीत. आणि मुख्य नियम: गलबतावर फक्त मराठी. तमिळ किंवा इंग्लिश कप्तानास ऐकू येणार नाही.
कार्तिकनं तमिळमध्ये विचारलं, का? ऐकू आलं नाही.
मग सुटकेची खूण. वेंकूबाईचं भगवं नऊवारी लुगडं दोघांनी धरून हलवायचं. तेवढ्यात वरून विमानदलाचं सुखोई गेलं. गावातच तळ असल्याचा हा फायदा. एक पंख किंचित कलला. आमची नोंद झाली आहे.

२५ एप्रिल
आज निघणार होतो. राहुकाळ होता. नंतर पोट बिघडलं. भीती नव्हे, रात्रीच्या जेवणातली डांगर पच्चडी.
वरुणला फोनवर सांगितलं, मल्लिपट्टिनमला मनोरा दाखवायला नेतोय. खोटं नाही. मनोरा समुद्रावरच आहे, आपल्या मराठा राजानं बांधलेला.

२७ एप्रिल, सकाळ
निघालो. वेंकूबाई किनाऱ्यावर सुंडलाचा, म्हणजे उकडलेल्या चण्यांचा, डबा घेऊन. म्हणाली, नजरेआड गेलात तर याद राखा. तिला काय ठाऊक क्षितिजाची ओढ!

२७ एप्रिल, संध्याकाळ
दार लावून लिहितो.
ऐलसा म्हणत वल्ही मारली. पाणी शांत. मी पुढे तोंड करून स्वतः रचलेली सागरावरची कविता म्हणू लागलो. सोळा कडवी. चष्म्यावर खारा थर, सगळं धुकट, म्हणजे अगदी काव्यमय. मध्ये पाठीमागून काहीतरी तमिळ आलं खरं. नियम म्हणजे नियम.
शेवटचं कडवं संपवून टाळ्यांसाठी वळलो. बोटीत कोणी नाही.
हाका मारल्या. अंगात ताप चढल्यासारखं झालं. बातमीतली ती माणसं आठवली. त्यांची लेकरं निदान त्यांच्या मांडीवर होती.
आणीबाणीचा नंबर लावला. दोन मुलं समुद्रात गेली, एवढंच सांगता आलं. तेही तमिळमध्ये.
तटरक्षक आले. होवरक्राफ्ट, मागून हेलिकॉप्टर. अधिकारी चालतच माझ्याजवळ आला. पाणी त्याच्या घोट्याच्याही खाली. म्हणाला, सार, आधी उतरा. मी म्हटलं, कप्तान उतरत नाही. खरं म्हणजे दोन्ही हातांनी बोटीची कड धरून होतो.
मुलं हेलिकॉप्टरला सापडली. किनाऱ्यावर पाट्टीशेजारी, म्हणजे आजीशेजारी, दोन भगवे ठिपके, सुंडल खात. पाणी ओसरून बोट चिखलात टेकली तशी दोघं उतरून हात धरून गेली होती. मघाशी पाठीमागून आलेलं तमिळ तेच होतं: ताता, म्हणजे आजोबा, आम्ही पाट्टीकडे जातोय. पंख्याच्या वाऱ्यानं सुंडल उडालं, कार्तिक रडला. एवढीच हानी.
अधिकाऱ्यानं कार्तिकला विचारलं, काय झालं? तो तमिळमध्ये म्हणाला, ताता पाण्याला घाबरतो, त्याला आणा.
मी दोघांना इतकं घट्ट धरलं की कीर्तना ओरडली.

२८ एप्रिल
शांतपणे विचार केला. मोहीम यशस्वी. मुलांनी ड्रिल तंतोतंत पाळलं. जॅकेटं भगवी होती म्हणून दिसली. श्रेय कोणाचं?
वेंकूबाई कालपासून ताट आदळून वाढते.

२९ एप्रिल
वरुण आणि अखिला गाडीनं आले. सूनबाई फक्त म्हणाली, मामंजी, तटरक्षकांचा फोन आला, मुलं समुद्रात गेली असं ऐकलं मी. खोलीत जाऊन बसलो.
बराच वेळ बाहेर त्या तिघांची मसलत. मी समर कॅम्पविरुद्ध भाषण तयार केलं. कामाला आलं नाही.

३० एप्रिल, चेन्नईच्या वाटेवर
निकाल: मुलांचं काही चुकलेलं नाही. मुलं महिनाभर तंजावूरला, वेंकूबाईजवळ. मला वरुण नेतोय, चौथ्या मजल्यावर. तिथून पाणी लांब आहे म्हणे.
गाडी सुटताना काच खाली केली. दोन ओळी मराठीत म्हणणार होतो. पण तोंडातून तमिळच निघालं: मला नाही जायचं रे, ताताला ठेवून घ्या.
गच्चीवर कार्तिक भगवं लुगडं हलवत होता. थांबला. कानावर हात ठेवून खाली ओरडला, ऐकू येत नाही ताता, मराठीत बोल!
पूर्ण मराठी वाक्य. क्रियापदासकट.