नवी सिस्टीम टाकाच्या आधी

माय, लिवण्यात चुका होतीन, माफ करजो. अन लय हळू टाइप होऊन राह्यलं, काऊन का मी तुह्या बटनाइवर लिवून राह्यली. उजव्या हाताचं बोट चारा कापाच्या कुट्टीच्या मशीनमंदी गेल्यावर तू या कंप्युटरच्या सेटिंगमंदी शिरून ळ, ण, श सगळे डाव्या हाताखाली आणलेते. एकडाव एक मास्तर आपल्या दुकानात सोताच अर्ज टाइप कराले बसले. "हा काय व बाई उलटा कारभार!" तू झेरॉक्स काढता काढता म्हणली, "मास्तर, बोट माहं तुटलं, तुमचं नाई. तुमी नुसते बोला, मी टाइप करते."

मी लहान होती तवाची गोष्ट. तू मांगं चहा ठेवाले गेली अन मी त्या सेटिंगले हात लावला. दिवसभर प दाबला का फ उमटे. तू मारलं नाई. म्हणली, "पह्यले नक्कल काढाची, मंग हात लावाचा. अन नक्कल दुसऱ्या जागी ठेवाची. घर जळलं तं पेटीतलं लुगडंई जळते." तवा मले हसू आलतं.

आज वर्ध्याहून सिस्टीम टाकणारा दादा आला हाये. जुन्यावर सरकारी साइटा उघडत नाई, गिऱ्हाईक वापस जाते, म्हणून मामानं बलावला. तू गेल्यापासून दुकान मामाच पाहते, अन शाळा सोडल्यापासून मी इथंच बसते. दादा म्हणे, "सगळं पुसलं जाईन. काई ठेवाचं असन तं काहाडून घ्या." मामा म्हणे, "काय ठेवाचं? पोट्टे आता मोबाइलवर बोलून टाइप करते." मी गुपचूप तुह्या बटनाइची फाइल पेनड्राइवमंदी घेतली, मामाच्या नव्या लॅपटॉपवर लावून पाह्यली. ळ दाबला तं रिकामा डब्बा उमटला. ण दाबला, डब्बा. पुन्हा कॉपी केली, पुन्हा डब्बा. लय हिंमत करून दादाले इचारलं. तो म्हणे, "फाइल तं आली व, पण नव्या सिस्टीमले तिची ओळखच नाई. जमलं तं जमलं."

तो जेवाले गेला हाये. बाहेर भरून आलं. लाइट दोनदा गेली अन आली. सिस्टीम टाकता टाकता मधातच गेली तं जुनंई हाती राहत नाई अन नवंई येत नाई, असं तोच सांगून गेला. तरी "थांबा" म्हणाले माहं तोंड उघडत नाई. फोटोत तं तू हात पदराखाली लपवते. तुले कोणतं बोट नव्हतं, हे आता या कंप्युटरलेच माईत हाये.

तुह्या फाइलच्या तीन कॉप्या केल्या, तिन्ही येगयेगळ्या जागी ठेवल्या. या लिवलेल्याची एकई नाई करत. हे इथंच ठेवते, पुसतीन तिथं. कोणी वाचन याचं मले भेव वाटते, तू वाचशीन याचंई.

दादाची गाडी वाजली. एक सांगाचं राह्यलं, काल दुकानासमोरचं निंबाचं झाडई कापलं, रोड रुंद करून राह्यले.