कारखाना मुलाला नाही

मी, खाली सही करणारा, धंद्याने तांबट, वयाने सत्तरीपार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिलाय. डॉक्टर भिडस्त आहेत, असं बायकोचं मत. हल्ली एका जागी बसवत नाही, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलंय. त्यावरून कोणी वाद घालू नये.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. तिच्या पश्चात मुलाची. त्यात त्याला कोणी आडवं येऊ नये.

कारखाना, भट्टी, ऐरण, हातोडे मात्र मुलाला नाहीत. ते सगळं मुलीचं. तिचा हात माझ्याहून साफ आहे, पण खरं कारण वेगळं. ते लिहितो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा सटकला.

लहानपणी मला उस्तादाकडे काम शिकायला ठेवलं, तेव्हा वडिलांनी करारावर अंगठा दिला होता. शिकवणं नावालाच. मी आणि चिमणी (किनऱ्या आवाजावरून दुसऱ्या शिकाऊ पोराला पडलेलं नाव) भाता ओढायचो, उस्तादाच्या घरची धुणी धुवायचो, कारखान्यातच निजायचो. कल्हईचा धूर कोंडायचा, तरी खिडक्या बंद. चिमणीला खोकताना रक्त पडू लागलं.

"उस्ताद, छातीत दुखतंय."

"कामाच्या वेळीच बरं दुखतं रे तुझं!"

भर दुपारी तो भात्यावर कोसळला, तो उठलाच नाही.

त्याची आई चार घरची कामं करायची. धावत आली. उस्ताद म्हणाला, "पोट बिघडलं होतं, बाई. देवाची मर्जी."

मी सगळ्यांदेखत बोललो, "खोटं आहे, काकू. हा रोज रक्त ओकत होता."

उस्तादाने तापलेला चिमटा माझ्या दंडाला टेकवला. काकूने लेकाला खांद्यावर घेतलं, मला हाताला धरलं. उस्ताद ओरडला, "करार आहे त्याचा!"

"चुलीत घाल तुझा करार," म्हणाली आणि निघाली. माझे वडील तोवर वारले होते; पुढे तिनेच मला वाढवलं, चांगल्या कारागिराच्या हाताखाली घातलं.

परवा माझ्या मुलाने शिकाऊ पोराला पकडीने मारलं. अडवलं तर म्हणतो, "बाबा, मार खाल्ल्याशिवाय हात वळत नाही." हेच वाक्य उस्तादाचं. माझ्या घरात ते कुठून शिरलं, कळत नाही. तेव्हापासून झोप उडालीय.

मुलीने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शिकाऊ पोरांना घरात निजवावं, आपल्यासोबत जेवू घालावं. दुखलंखुपलं तर आधी डॉक्टर, मग काम. ज्याला जायचंय, त्याला जाऊ द्यावं.

हे लिहिताना मुलगा सारखा दारात घुटमळत होता. शेवटी बोलावून वाचून दाखवलं.

"म्हणजे माझा पत्ता कट?"

"माणूस जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र बदलता येतं," मी म्हणालो.

तो उठून कारखान्यात गेला. हातोड्याचा आवाज येतोय. मधेच थांबला की वाटतं, शिकाऊ पोरावर पकड तर उगारली नाही ना. आताही थांबलाय. सही करतो आणि बघून येतो.

सही: तांबट
साक्षीदार: शेजारचे शिंपी, औषधाच्या दुकानातल्या वहिनी
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: पौर्णिमेनंतरचा बुधवार, सकाळी