पूजेच्या धाबळीतल्या पिसवा

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९७४

सौ. मालतीस अनेक आशीर्वाद, चि. बाळाला पापा.

आपल्या घरातल्या पिसवा गेल्या. "एक जरी उरली तरी लेकराला घेऊन करमाळ्याहून हलणार नाही," असं तू म्हणाली होतीस. आता हलायला हरकत नाही.

तू गेल्यावर गाद्यांना ऊन दिलं, जमीन दोनदा सारवली, पावडर मारली. तरी त्या होत्याच. गेल्या पंधरवड्यात शेजारच्या रंभाबाई दारात उभ्या राहिल्या. मी पूजेला बसलो होतो. "मास्तर, समदं धुतलं, मग ही अंगावरची धाबळी कवा धुतली?"

मी म्हणालो, "लोकरीचं सोवळं आहे. त्याला विटाळ नसतो, म्हणून धूत नाहीत."

"इटाळ नसंल, पिसवा हायत की. तुमी शाळंत गेला की तुमचं मांजर तिच्यावरच निजतंय."

म्हणजे रोज ती नेसून मीच पिसवा घरभर वाटत होतो. त्याच दिवशी धाबळी उकळत्या पाण्यात घातली. आकसून ती बाळाच्या दुपट्याएवढी झाली आहे. आईला अजून कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. मांजर रंभाबाईंनी नेलं.

गेले आठ दिवस पांढरं धोतर नेसून रोज अर्धा तास पाळण्याखाली बसतो. एकही पिसू चढली नाही.

बाळाच्या पायावरचे चट्टे गेले का? शांत झोपतो का? ती. मामांना नमस्कार सांग.

रविवारी, १७ तारखेला, इथल्या स्टँडवर तुम्हाला घ्यायला येतो. पांढरंच धोतर नेसून येईन, तूच तपासून बघ.

तुझा,
वेणीमाधव