मध्यंतरापर्यंतची दहा वर्षं

तीर्थस्वरूप दादांना, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तरी नवराच आहे) साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींच्या डोळ्याची सूज उतरली का, ते आधी कळवावं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात दूध रोज उतू जातं आणि माझे मोजे कुठे असतात हे घरात कोणालाच माहीत नाही, कारण घरात दुसरं कोणी नाहीच. तुमची बहीण बॅग भरून तुमच्याकडे आली तेव्हा तिने काय सांगितलं असेल ते असो. मी तिला टाकून बोललो नाही, तिच्या माहेरचा उद्धार केला नाही. (तो मी मनातल्या मनात करतो, तुम्हाला वगळून.) आमचं बिनसलं ते सिनेमांवरून, आणि तेही आपल्या ऐन तरुणपणातल्या. ती परत यावी एवढंच माझं मागणं आहे. फक्त चूक माझी नव्हती हे तुम्हाला आधी पटावं, म्हणून हे चऱ्हाट.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून आम्ही चौघं संध्याकाळी चष्मेवाल्याच्या दुकानात बसतो. गेल्या महिन्यात आम्ही त्या दशकातले सर्वोत्तम दहा सिनेमे निवडायचं ठरवलं. (आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पण कोणी विचारेपर्यंत थांबलो असतो तर आमच्यापैकी एकाचीही मतं जगाला कळली नसती.) त्यानंतर जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे नळावरच्या भांडणाला परिसंवाद म्हणण्यासारखं आहे. दातांचे डॉक्टर सिनेमाची किंमत रुमालावर करतात. ज्याला दोन रुमाल लागले तो श्रेष्ठ. स्वतः आयुष्यभर लोकांना रडवलेला माणूस पडद्यावर कोणी नुसतं खोकलं तरी डोळे पुसतो. भूगोलाचे मास्तर प्रत्येक सिनेमात सूर्य कोणत्या बाजूने उगवला एवढंच बघतात, आणि नायिका मरत असली तरी मागच्या डोंगरावर हरकत घेतात. चष्मेवाल्याचं म्हणणं की त्या काळासारखं हळुवार, धूसर छायाचित्रण पुन्हा झालं नाही. त्याला स्वतःला चष्मा त्यानंतर लागला, म्हणजे तो मुळात लागायला हवा होता त्याच्या बऱ्याच नंतर, हे आम्ही त्याच्या दुकानात बसून त्याला कसं सांगणार? उरलो मी. माझं मत एकच होतं आणि ते बरोबर होतं: दीपगृहाच्या पहारेकऱ्याचा तो सिनेमा पहिला, बाकीचे त्याच्यामागून काय ते. त्यामुळे साहजिकच मला अध्यक्ष केलं. मी लगेच नियम केला की ज्याने सिनेमा पुरता, अथपासून इतिपर्यंत पाहिला असेल त्यालाच त्यावर मत. नियम चांगला आहे, दादा. तुम्हीही हाच केला असता.

त्या दिवशी दुकानाला रंग लागत होता म्हणून मंडळी आमच्याकडे जमली. चहा आणता आणता तुमच्या बहिणीला वाटलं की आपणही मत द्यावं. ती म्हणाली, नर्सचा तो सिनेमा पहिला ठेवा, शेवटी तिचं त्या डॉक्टरशी लग्न होतं ते फार गोड आहे. दातांच्या डॉक्टरांनी तोंडाला लावलेला कप खाली ठेवला. "अहो वहिनी, ती मरते," ते म्हणाले, आणि रुमाल काढला. ती म्हणाली, असेल, मग जुळ्या वकिलांचा घ्या, त्यात तर दोघांची लग्नं होतात. मास्तरांनी घसा साफ करून सांगितलं की त्यात एक भाऊ दुसऱ्याला फाशीपर्यंत नेतो, शिवाय त्या फाशीच्या दिवशी सूर्य उत्तरेला आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर तपासले. फिरवलेला मीटर सापडला की मी मालकाकडे जसा बघायचो, तसं.

आता तुम्हाला खरं काय ते सांगतो, म्हणजे तुम्ही माझी बाजू घ्याल. त्या दहा वर्षांत आम्ही सिनेमे भरपूर पाहिले. पण मध्यंतर झालं की आधी थोरला आणि मग काही वर्षांनी धाकटी रडायला लागायची, आणि तुमची बहीण पोर घेऊन बाहेर जायची. मी कसा जाणार? मला दुधाच्या बाटलीचं झाकणही लावता येत नसे. ती बाहेर येरझाऱ्या घालायची. (तिथल्या दरवानाच्या मुलीचं लग्न कसं मोडता मोडता जमलं ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक आहे.) घरी जाताना ती विचारायची, पुढे काय झालं? खांद्यावर झोपलेलं पोर, शेवटची बस निघायच्या बेतात. अशा वेळी फाशीचा खटला कसा समजावणार? मी म्हणायचो, काय व्हायचंय, मिटलं सगळं, लग्न झालं. सगळ्याच सिनेमांना हे चालून गेलं. यात तिचं काय वाईट झालं? दातांचे डॉक्टर बिचारे अजून रडतायत. ती दहा वर्षं शांत झोपली.

एवढ्यावर भागलंही असतं. पण मास्तरांनी मुद्दा काढला की अध्यक्षांच्या नियमाप्रमाणे वहिनींनी एकही सिनेमा पुरता पाहिलेला नाही, सबब त्यांना मत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्षाने घरचं माणूस म्हणून सूट द्यायची नसते. मी म्हणालो, नियम तो नियम. तिने कप गोळा केले (माझ्यात चहा होता) आणि सकाळी ती तुमच्याकडे निघाली.

लेकीकडून कळलं की तुमच्या चिरंजीवांनी टीव्हीला लावून दिलेल्या त्या डबीवर ती रोज जेवण झाल्यावर त्या दहा वर्षांतला एक सिनेमा शेवटापर्यंत बघते, आणि मध्ये कोणी हाक मारली तर ओ देत नाही. बघू दे. मी तत्त्वाचा माणूस आहे. दीपगृह पहिलं, नियम कायम, आणि रविवारी शेवटचं मतदान. हे तिला माझ्या शब्दांत सांगावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नियमाने वागणारा मेहुणा

ता. क. : काल टीव्हीवर दीपगृह लागला होता. रविवारी भाषण करायचं म्हणून बघायला बसलो. पण आजी घरी नाही म्हणून लेक नातीला माझ्याकडे ठेवून गेली होती, आणि मध्यंतराच्या सुमाराला नातीने जो सूर लावला, तो गॅलरीत फिरवल्याशिवाय थांबेना. शेजारीण भली आहे, तिच्या गुडघ्याची सगळी हकीकत ऐकली. आत आलो तेव्हा पडद्यावर नुसती नावं सरकत होती. ती मात्र सगळी वाचली.

ता. ता. क. : तुम्ही म्हणाल, सिनेमा तर तुझा लाडका, शेवट पाठ असेल. दादा, तुमच्या बहिणीला लग्नाचा शेवट मी इतका रंगवून सांगितला होता की आता डोळे मिटले तर मलाही लग्नच दिसतं. शेवटी पहारेकऱ्याची ती होडी काठाला लागली की बुडाली, काही केल्या आठवत नाही. मास्तरांना विचारलं तर अध्यक्षपद गेलंच.

आणखी एक : नियम मी काढून टाकला आहे, तसा कागद दुकानात लावला आहे. तिने तो सिनेमा एव्हाना पाहिला असेल. शेवट काय होतो तो पत्राने कळवू नका, फोनवरही नको. तिलाच पाठवा. घर खायला उठतं. ती सांगेल तो शेवट मी खरा धरीन.